कोऱ्या कापडावरचा हात

भिवंडीच्या मानकोली नाक्यावरून आत वळलं की कंटेनरच्या रांगेमागं एक बंद पडलेलं गोदाम आहे. दर गुरुवारी सकाळी तिथं एवढी झुंबड उडायची की नाक्यावरचे रिक्षावाले माणूस दिसला रे दिसला की "कोरेबाबा, कोरेबाबा" करत अंगावर यायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रिक्षावाल्यानं आरशात बघत विचारलं, "मॅडम, पेशंट कोण? तुम्ही का ह्या?" माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण विनिता बसली होती, डोक्याला घट्ट रुमाल, भुवया गळलेल्या. आता हे काय विचारायचं झालं? एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते. शाळेत विज्ञान शिकवते मी, तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्या दिवशी मी नुसता विनिताचा रुमाल नीट केला.

गोदामात ट्यूबलाइटच्या उजेडात माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. कामतघरचे हिंदी बोलणारे कारागीर, वडप्याकडचे शेतकरी, स्वतःच्या गाडीतून आलेले जमीनवाले, सगळे एका सतरंजीवर. प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी आणि पिशवीत मीटरभर कोरं सुती कापड. यंत्रमागावरून उतरलेलं, पाण्याचा थेंबही न लागलेलं. ही बाबाची अट होती. कोरं म्हणजे शुद्ध, त्यावर कुणाची सावली पडलेली नसते, असं तो सांगायचा. ओटीला कोरं लागतं, देवाला कोरं लागतं, माणूस गेला तरी अंगावर कोरंच घालतात. त्यामुळं ते कुणाला खटकायचं काही कारण नव्हतं.

आणि आजाराचं नाव? सगळा बाजार त्याच्यासाठी भरला होता, पण कॅन्सर हा शब्द मला तिथं एकदाही ऐकू आला नाही. कुणी "मोठा आजार" म्हणत होतं, कुणी "ती गाठ". एक म्हातारी नुसतं "त्यो" म्हणत होती. "त्यो परत आलाय," असं ती शेजारणीला सांगत होती, नकोसा पाहुणा दारात येऊन बसावा तसं.

बाबा चाळिशीतला. पांढरा झब्बा, डोळ्यांत सुरमा, आणि जीभ अशी की एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि दम तिन्ही. "डॉक्टर काटता है, बाबा धोता है," असं म्हणून तो मोठ्यानं हसायचा आणि लोकही हसायचे. "काळं दिसलं तर घाबरायचं नाही. अंदर था, बाहर आया. चोर घराबाहेर पडताना दिसला तर घरवाल्यानं आनंद मानायचा का रडायचं?" कुणी चुकून चकचकीत कापड आणलं तर ते तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवायचा. "पॉलिस्टर! झूठा कपडा है, बीमारी पकडता नहीं. जा, सुती आण." मी मनात म्हटलं, आजाराला कापडातलं एवढं कळतं तर त्याला सरळ दुकानच काढून द्या.

मग चमत्कार सुरू झाला. बाबाची एक चेली पेशंटच्या दुखऱ्या जागी कपड्यांवरून ते कोरं कापड पसरायची. बाबा शेजारच्या मडक्यात, तो ज्याला तीर्थ म्हणायचा त्या तांबूस पाण्यात हात बुडवायचा आणि ओला पंजा कापडावर टेकवायचा. भोवती लोबानचा धूर एवढा की डोळे चुरचुरावेत. पंजा उचलला की पांढऱ्या कापडावर पाचही बोटांसकट काळाकुट्ट हात उमटलेला. सगळं गोदाम श्वास रोखून बघायचं. मग बाबा खालच्या आवाजात विचारायचा, "हाथ किसका है? घरातून आधी कोण गेलं?"

हा प्रश्न विचारायला काय अक्कल लागते? कुणाच्या घरातून कुणी गेलेलं नसतं? पण विनिताच्या छातीवरच्या कापडावर तो काळा पंजा उमटला आणि तिनं ओठांतल्या ओठांत "आई" म्हटलं, तेव्हा मीही पुढं वाकून तो हात बघू लागले.

आमची आई, बायजाबाई, याच आजारानं गेली. मी तेव्हा नुकती कॉलेजला लागले होते आणि विनिता शाळेत होती. आईनं गाठ किती काळ लपवली ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. बायकांनी असल्या जागेबद्दल बोलायचं नसतं, एवढंच तिला शिकवलेलं. शेवटी शेवटी जखम वाहायला लागली, घरात वास येऊ लागला आणि वडील, सगळे त्यांना नामादादा म्हणायचे, सकाळ-संध्याकाळ लोबान जाळायचे. त्या धुरातच ती गेली. गोदामात शिरल्यापासून मला तोच वास येत होता. कापडावरच्या हाताची करंगळी जराशी बाहेर वळलेली होती. आईची तशीच होती. घाईत टेकवलेल्या कुठल्याही पंजाची करंगळी तशीच दिसते हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त आई दिसली.

बाबानं ते बरोबर हेरलं. "आई एकटी आहे तिकडं," तो विनिताला म्हणाला. "लेकीला सोडवत नाही तिला. छातीवर हात ठेवून बसलीय. कापड घरी ने, सोडा टाकून उकळ, काळं जाईपर्यंत उकळ. धू, वाळव आणि पुढच्या गुरुवारी तेच कापड घेऊन ये. दर वेळी हात फिका होत जाईल. जिस दिन पीला पडेगा, समझो माँ हल्दी लगाके चली गयी."

पुढच्या अटी त्यानं मनोजला, विनिताच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितल्या. आईचा फोटो घरातून काढायचा. तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्या नावानं पान वाढायचं नाही. आणि दवाखान्याचं सलाईन बंद. त्या विषामुळं आई आत कोंडली जाते म्हणे.

सलाईन म्हणजे केमो. मुंबईच्या डॉक्टरबाईंनी आधी केमो, मग ऑपरेशन, असं ठरवून दिलं होतं आणि मध्येच सोडू नका म्हणून बजावलं होतं. काही सलाईनं झाली होती, काही बाकी होती. विनिताचं तोंड आतून सोलून निघालं होतं, पाणी पिताना डोळ्यांतून धार लागायची. पण गाठ मऊ पडली होती. औषधानंच पडली होती. श्रेय मात्र कोरेबाबानं खिशात घातलं.

मी भांडले. कामतघरला त्यांच्या घरी जाऊन तणतणले. तेव्हा मनोजनं मलाच उलट विचारलं. मनोजची स्वतःची मागांची शेड आहे, त्याच्या वडिलांपासूनची.

"ताई, कापड माझं आहे," तो म्हणाला. "माझ्या मागावरचं. मी माझ्या हातानं कापलं, पिशवीत घातलं, बाबासमोर काढलं. त्यानं आधी बोटही लावलेलं नाही. रंग असता तर मला दिसला नसता? कापडात काय असतं ते मला कळत नाही का? तुम्हीच सांगा, फसवायला जागा कुठं आहे?"

मी विज्ञानाची मास्तरीण. मला म्हणायचं होतं की पाण्यात काहीतरी आहे. पण पाणी तर तो तिथं सतरंजीवर शिंपडायचा, अंगावर शिंपडायचा, आणि काळं काही पडत नव्हतं. मी आवाज चढवला, एवढंच. आवाज चढवणं म्हणजे उत्तर नव्हे, हे मी वर्गातल्या मुलांना सांगत असते.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. विनिताच्या घरी हॉलच्या भिंतीवर आईच्या फोटोची जागा रिकामी, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. विनिता तिकडं पाठ करून बसायची. भर दुपारी, मागांची खडखड चालू असताना, ती बोलता बोलता थांबायची आणि छातीवरचा पदर नीट करायची. "आज कमी दाबतेय," असं हळूच सांगायची. कोण, ते सांगायची नाही, कारण नाव घ्यायचं नव्हतं. तिची मुलगी रूपा जवळ आली की ती तिला दूर ढकलायची. आजीनं आईला धरलं, आता आपण मुलीला धरू, ही भीती तिच्या मनात बसली होती.

बाहेरच्यांचं विचारूच नका. शेजारणी दारातूनच चौकशी करायच्या आणि आपापल्या मुलींना आत पाठवायच्या नाहीत. मनोजची आई, आक्का, बाई वाईट नाहीत, विनिताची वांती त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. पण तिचं ताट आणि पेला त्यांनी वेगळ्या फळीवर ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "कोनाला लागतो, कोनाला न्हाय लागत, आपल्याला काय ठावं?" कॅन्सर ताटातून लागत नाही हे मी त्यांना चार वेळा सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि ताट तिथंच ठेवलं.

आणि कापड? ते खरोखर फिकं होत होतं. गुरुवारमागून गुरुवार गेले. काळ्या हाताचा जांभळट झाला, मग निळसर, मग कडा तेवढ्या उरल्या. विनिता घरी आल्यावर ते कापड उजेडात धरून बघत बसायची. मी शप्पथ सांगते, मलाही बघावंसं वाटायचं. मी घरी आंघोळ करताना स्वतःच्या छातीवरून हात न फिरवता साबण लावू लागले होते. माझ्या घरातही कुणी आईचं नाव काढलं तर मी विषय बदलायची. बाबानं मला काहीच सांगितलं नव्हतं, तरी मी त्याची अट पाळत होते.

मग एका गुरुवारी हात पिवळा उमटला.

गोदामात जयजयकार झाला. बाबानं विनिताला उभं करून सगळ्यांना दाखवलं. "माँ गयी! हळद लावून गेली! आता ही मोकळी." मनोजच्या डोळ्यांना पाणी आलं. घरी आल्यावर आक्कांनी शिरा केला. मुंबईहून हॉस्पिटलचा फोन आला तो कुणी उचलला नाही. विनितानं मला आत बोलावलं आणि आनंदानं माझा हात धरून काखेजवळ नेला, बघ म्हणाली, काही उरलंय का. माझ्या बोटांना गाठ लागली. टणक. आधीपेक्षा मोठी, आणि काखेत आणखी एक. मी वर बघितलं. ती हसत होती.

मी बाहेर येऊन आक्कांशेजारी बसले. आक्का दोरीवरून ते पिवळा डाग पडलेलं कापड काढून घडी घालत होत्या. आता त्याचं काय करायचं, रूपाच्या उशीला अभ्रा शिवू का, असं त्या स्वतःशीच बोलत होत्या. मग कापड बोटांत चुरगाळून म्हणाल्या, "आनला तवा पुठ्ठ्यासारखा कडक होता. सोड्यात उकलून उकलून पार मऊ झाला. सगली कांजी निंगाली त्याची."

मी कापड त्यांच्या हातातून ओढून घेतलं. त्या दचकल्या.

कांजी. मागावर चढवण्याआधी सुताला कांजी पाजतात, नाहीतर धागा तुटतो. भिवंडीत शेंबड्या पोराला हे माहीत आहे. इथल्या साईझिंगच्या शेडा दुसरं काय करतात? म्हणून तर कोरं कापड हाताला कडक लागतं. आणि सहावीच्या वर्गात मी दरवर्षी बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून दाखवते. तपकिरी थेंब बटाट्यावर पडला की काळानिळा होतो, कारण बटाट्यात पिठूळ सत्त्व असतं, स्टार्च. कांजी म्हणजे तेच. काकडीच्या फोडीवर टाकला तर थेंब पिवळाच राहतो. इतकी वर्षं हे शिकवलं. आईचा हात समजून बघितलं तेव्हा मात्र मला त्यातलं काही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून बाटली घेऊन मी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मनोजला म्हटलं, "मनोजराव, मागावरचं ताजं कापड आणा. तुमच्या हातानं कापा. मी बोट लावत नाही." त्यानं आणलं. मी परातीत पाणी घेऊन त्यात आयोडीन ओतलं. कापड ओट्यावर पसरलं आणि विनिताला म्हटलं, "ह्यात हात बुडव आणि कापडावर टेकव."

ती तयार होईना. मी तिचा हात धरला नाही, ओढलाही नाही. मग तिनं हात बुडवला आणि टेकवला.

काळा पंजा उमटला. पाच बोटं, करंगळी जराशी बाहेर. विनिताचा स्वतःचा हात.

मग मी त्याच कापडाचा तुकडा फाडून गॅसवर सोड्याच्या पाण्यात टाकला. उकळी येते न येते तो काळं गेलं. आयोडीनचा काळा रंग उकळीत टिकत नाही आणि सोड्यानं आयोडीन मरून जातं. पण उकळीबरोबर थोडी कांजीही निघते, म्हणून पुढच्या वेळी हात फिका. कांजी संपली की नुसता आयोडीनचा पिवळा. सतरंजी आणि कपडे धुतलेले, त्यांच्यात कांजी नाही, म्हणून तिथं काळं पडत नव्हतं. पॉलिस्टर नको म्हणायचा, कारण आपल्याकडच्या पॉलिस्टरला ही कांजी नसते. लोबानचा धूर हवा, नाहीतर पाण्याला दवाखान्याचा वास आला असता. विनिताच्या छातीतून काहीच बाहेर येत नव्हतं. दर गुरुवारी कमी होत होती ती मनोजच्या कापडातली कांजी.

मनोज ओट्याला टेकून खाली बसला. "माझंच कापड," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बाबानं फसवायला काही बाहेरून आणलंच नव्हतं. आपलं कापड आपल्याला पुरतं ठाऊक आहे, या खात्रीवरच तो माणूस जगत होता. कोरं म्हणजे ज्यात काही नाही, असं आपण सगळे धरून चाललो होतो. ह्या गावात राहून.

आक्कांनी कपाळावर हात मारला. विनिता मात्र रडली नाही, ओरडली नाही. तिनं ओल्या हाताकडं बघत विचारलं, "म्हणजे आई आलीच नव्हती?"

मी म्हटलं, "नाही गं."

"कधीच नाही?"

"नाही."

तेव्हा ती रडली. मला आधी वाटलं तिला आजाराची भीती पुन्हा आठवली. पण ती रडता रडता म्हणाली, "मग ताई, मी तिला किती शिव्या घातल्या. रोज. मला सोड म्हणून, डाकीण म्हणून. ती तर नव्हतीच माझ्या उरावर." मी तिला जवळ घेतलं आणि मीही रडले. ज्या बाईनं जमेल तोवर आपलं दुखणं दुसऱ्याच्या कानावर जाऊ दिलं नाही, तिला एका लबाडानं लेकीच्या छातीवर बसलेलं भूत केलं आणि आम्ही दोघी शिकल्यासवरल्या बहिणींनी ते मान्य केलं. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

मग तिनं डोळे पुसले आणि आईबद्दल विचारलं. आईला पहिल्यांदा कधी दुखलं, तिनं कुणाला सांगितलं का, डॉक्टरकडं नेलं तेव्हा ते काय म्हणाले. इतक्या वर्षांत आम्ही बहिणी हे बोललोच नव्हतो. मला माहीत होतं ते मी सांगितलं. आईनं वर्ष दीड वर्ष पदराखाली झाकून ठेवलं, डॉक्टर म्हणाले लवकर यायला हवं होतं. विनितानं सगळं ऐकून घेतलं आणि मनोजला म्हणाली, "हॉस्पिटलला फोन लावा."

मुंबईला जाऊन आल्यावर, सलाईन पुन्हा सुरू झालं तेव्हा, पुढच्या गुरुवारी आम्ही गोदामात गेलो. आम्ही नको म्हणत असताना विनिताही आली. मी लांबलचक भाषण तयार केलं होतं, पण त्याची वेळच आली नाही. बाबानं मडक्यात हात घालायच्या आत मनोज पुढं झाला. त्यानं काखेतलं ताजं कापड काढून तिथल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं, बाबाच्याच मडक्यात हात बुडवला आणि खुर्चीवर टेकवला. काळा पंजा उमटला.

"हिच्या घरातून कोण गेलं, बाबा?" मनोजनं विचारलं. "खुर्चीच्या?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा म्हणाला, माँ नाराज झाली, पवित्र जागेत मस्करी चालत नाही. चेल्यांनी मनोजचा दंड धरला. तेवढ्यात मागून एक कारागीर उठला, गळ्याला पट्टी बांधलेला, आवाज घोगरा. त्यानं खुर्चीवरचं कापड बोटांत घासून बघितलं, मग आपल्या पिशवीतलं घासून बघितलं. "इसमें तो माँड है," तो हळूच म्हणाला. "साइजिंग का माल है, माँड तो रहेगा ही." माँड म्हणजे कांजी. ते वाक्य सतरंजीवरून रांगेरांगेनं पुढं गेलं. जो तो आपलं कापड चोळून बघू लागला. सगळ्यांना माहीत असलेलीच गोष्ट होती ती.

मी उकळीचं, सोड्याचं, पिवळ्याचं सगळं समजावून सांगितलं, मराठीत आणि माझ्या मोडक्या हिंदीत. काहींनी ऐकलं. काही आमच्यावरच चिडले, आमचा बाबा आमच्यापाशी राहू द्या म्हणाले. बाबा त्या गडबडीत मागच्या शटरनं निघून गेला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही तक्रार दिली, तो सापडला, जामिनावर सुटलाही. आता दुसरीकडं कुठंतरी बसतो असं ऐकते. कापड सोडून त्यानं नवं काय धरलंय ते मला ठाऊक नाही.

पण त्या दिवशीचं एक माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सगळे उठून गेल्यावर ती "त्यो" म्हणणारी म्हातारी बसूनच होती. तिनं आपलं कापड उलगडून मला दाखवलं. पिवळं झालेलं होतं. "मंग ह्यो गेला न्हाय?" तिनं विचारलं. मी तिच्यापुढं बसून खरं ते सांगितलं, हॉस्पिटलचा पत्ता दिला, सरकारी योजनेतून उपचार होतात हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून कापडाची घडी केली आणि पदराखाली धरली. ती पुढं गेली की नाही मला कळलं नाही.

विनिता बरी झाली का, असं लोक मला विचारतात. गोष्टीचा शेवट गोड असावा असं सगळ्यांना वाटतं. वाया गेलेल्या त्या आठवड्यांत आजार काखेतून पुढं सरकला होता. औषध बदलावं लागलं, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. आज ती गोळ्या घेते, ठरलेल्या महिन्यात तपासायला जाते आणि प्रत्येक तपासणीआधी आठवडाभर तिला अन्न गोड लागत नाही. तिच्यासोबत हा आजार राहतो आहे आणि ती त्याच्यासोबत राहते आहे. आक्का आता तिचं ताट सगळ्यांच्या ताटांतच ठेवतात. रूपा तिच्या कुशीत झोपते. आईचा फोटो भिंतीवर आहे. सलाईनच्या दिवसांत एकदा मी तिला विचारलं, तुला त्या ढोंग्याचं खरं कसं वाटलं? ती म्हणाली, "दवाखान्यात मला काय कमी होतंय ते कुणी दाखवायचं नाही, ताई. तिथं मला दर गुरुवारी काहीतरी कमी होताना डोळ्यांनी दिसायचं." याला मी हसू शकले नाही, तुम्हीही हसू नका.

एवढंच म्हणेन. भीती वाटते, वाटू दे. पण जो माणूस तुमच्या मेलेल्या माणसाला तुमच्यावर सोडतो आणि वर उपचार थांबवायला सांगतो, त्याच्या मडक्यात काय आहे ते विचारा. उत्तर नाही मिळालं तर उठून या. गाठ लागली तर घरात सांगा, आजाराचं नाव घेऊन सांगा, कॅन्सर म्हणा. नाव घेतल्यानं तो येत नाही. लपवल्यानं काय होतं ते आमच्या आईला कळलं होतं, पण तेव्हा सांगायची वेळ गेली होती.

विनिताच्या मागच्या तपासणीला मी सोबत गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "आई आणि बहीण दोघींना. मग तुमची तपासणी कधी झाली?" मी बोलायला सुरुवात केली, शाळेचं, परीक्षांचं. विनितानं मला पुरतं बोलूही दिलं नाही. तिनंच खिडकीवर माझं नाव नोंदवलं आणि मला मॅमोग्राफीच्या मशिनच्या खोलीबाहेरच्या बाकावर आणून बसवलं. मी पर्सची चेन उघडत-मिटत बसले. विज्ञानाची मास्तरीण. मी तिला म्हटलं, मला काहीतरी सांग.

"घाबरू नको असं मी सांगणार नाही," विनिता म्हणाली. "मी इथंच बसलेय. तू जा आत."

मी उठले आणि गेले. तुम्हीही जा.